कांदा कोणी चिरला?

मराठी माणसाच्या पोटात काय काय असतं याची यादी एखाद्या सर्जनच्या हाती दिली तर तो बिचारा ऑपरेशन अर्धवट टाकून पळेल. भूक लागली की तिथे कावळे ओरडतात. भीती वाटली की गोळा येतो. धाकट्यांचे अपराध तिथेच घालायचे असतात. शेजाऱ्याचं बरं झालेलं पाहवलं नाही की दुखतं ते तिथेच, लेकरासाठी तुटतं तेही तेच, आणि काम काढून घ्यायचं असलं की समोरच्याच्या पोटात शिरावंसुद्धा लागतं. एवढी वर्दळ असून आजवर कुणाच्या सोनोग्राफीत एक कावळा निघालेला नाही.

मेंदूत तरी निघेल का? "वाढ लवकर, पोटात कावळे ओरडताहेत" हे कानावर पडल्यावर मेंदू आधी काळे पंख, चोच, कावकाव असं सगळं गोळा करतो, मग "छे, पोटात कावळे कसे असतील" म्हणून ते हुसकावतो आणि शेवटी भुकेपाशी येतो? की कावळ्यांकडे ढुंकूनही न बघता थेट भुकेवर जातो? प्रश्न रिकामटेकड्याचा वाटेल. पण भाषेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ आणि मेंदूवैज्ञानिक निदान पन्नास वर्षं त्यावर भांडताहेत, आणि त्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडचे काव्यशास्त्री भांडत होते.

मला यात रस असायचं एक कारण धंद्याचं आहे. माझं आयुष्य दैनिकाच्या डेस्कवर गेलं. बातम्या कापायच्या, मथळे द्यायचे, पान सोडायचं. दोन कॉलमी मथळ्यात चार-पाच शब्द मावतात. तेवढ्यात बातमी सांगायची आणि वाचकाची नजरही अडकवायची, म्हटल्यावर सरळ भाषा पुरी पडत नाही. मग सोनं झळाळतं, शेअर बाजार कोसळतो, साखर कडू होते, विरोधक सरकारला घेरतात, आणि वर्षातून एकदा तरी कांदा रडवतो. हे शब्द काही प्रतिभेने सुचत नाहीत. रात्री साडेबाराला ते आपोआप हाताला लागतात, कारण आधी हजारदा वापरलेले असतात.

दुसरं कारण माझी थोरली मावशी. तिच्याकडे येतोच, पण आधी काव्यशास्त्र्यांचं ऐकून घेऊ.

अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने 'काव्यप्रकाश' लिहिला. शब्द आपला मूळ अर्थ सोडून दुसरा अर्थ कधी देतो, म्हणजे लक्षणा कधी होते, याच्या त्याने तीन अटी सांगितल्या आहेत. मूळ अर्थ अडला पाहिजे, हा मुख्यार्थबाध. नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध पाहिजे. आणि तसं बोलायची एकतर रूढी पाहिजे, नाहीतर काही प्रयोजन. उदाहरण जुनंच, परंपरेने चालत आलेलं: "गंगायां घोषः", गंगेवर गवळ्यांची वस्ती. वाहत्या पाण्यात वस्ती कशी असेल? अर्थ अडला. मग जवळचा काठ घ्यायचा. आणि "काठावर" असं सरळ न म्हणता "गंगेवर" का म्हटलं, तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला मिळावं म्हणून.

विसाव्या शतकात पॉल ग्राइस आणि जॉन सर्ल या तत्त्वज्ञांनी, अनुक्रमे 1975 आणि 1979 मध्ये, जवळजवळ हाच क्रम मांडला. ऐकणारा आधी शब्दशः अर्थ लावतो, तो प्रसंगाला जुळत नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि मगच तो बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ शोधायला निघतो. कागदावर हे अगदी पटतं. डेस्कवर बसलेल्या माणसाला मात्र शंका येते, कारण वाचक मथळ्याला अर्धा सेकंदसुद्धा देत नाही. एवढ्यात अर्थ लावायचा, तो नापास करायचा, परत फिरायचं, हे सगळं व्हायचं कधी?

सॅम ग्लक्सबर्ग, पॅट्रिशिया गिल्डिया आणि हॉवर्ड बुकिन यांनी 1982 मध्ये या शंकेला प्रयोगात बसवलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. पडद्यावर एकेक वाक्य यायचं आणि समोरच्याने एवढंच ठरवायचं, की हे शब्दशः खरं आहे की खोटं. "काही पक्षी सफरचंदं असतात" म्हटलं की खोटं, बटण दाबा, पुढे चला. "काही नोकऱ्या तुरुंग असतात" हेही शब्दशः खोटंच. रूपकाचा अर्थ कुणी विचारलेलाच नव्हता. उलट तिकडे लक्ष गेलं तर कामात अडथळाच. तरीही या वाक्यांना "खोटं" म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. तेच शब्द उलटसुलट जोडून निरर्थक वाक्यं केली, की इतका वेळ लागत नव्हता. म्हणजे नोकरी तुरुंग असते हे न विचारता कळून गेलं होतं, आणि "खोटं"च्या बटणाकडे निघालेलं बोट त्यापायी रेंगाळत होतं. लाक्षणिक अर्थ शब्दशः अर्थाच्या मागे रांगेत उभा राहत असता तर हे झालं नसतं.

मम्मट इथे हरला असं मी म्हणणार नाही. तो अर्थाचं तर्कशास्त्र सांगत होता, घड्याळ लावून बसला नव्हता. पण घड्याळ लावणारेही पुढे आलेच.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं वाचायला दिली की मेंदूतल्या विजेचा आलेख मिळतो. 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना एकेक शब्द करून वाक्यं दाखवली, आणि काहींचा शेवटचा शब्द मुद्दाम बिघडवला. त्याने गरम पावावर मोजे फासले, अशा थाटाचा. त्या "मोजे"पाशी सुमारे चारशे मिलिसेकंदांनी आलेखात ऋण बाजूला एक ठळक लाट उठली. तिला एन-400 म्हणतात. शब्दाचा अर्थ आधीच्या वाक्यात बसवायला जितके कष्ट, तितकी ही लाट मोठी.

मग 2002 मध्ये सीना कूलसन आणि सायमा व्हॅन पेटन यांनी हीच लाट घेऊन तीन तऱ्हेची वाक्यं तपासली. व्हिस्की हा जबर नशेचा पदार्थ आहे: सरळ वाक्य. अमक्याने नशेसाठी खोकल्याचं औषध वापरलं: हेही शब्दशः खरं, पण एका वस्तूला दुसरीच्या जागी कल्पावं लागतं. सत्ता ही जबर नशा आहे: रूपक. मूळ इंग्रजीत शेवटचा शब्द तिन्हींत तोच, नशेचा. पहिल्या तऱ्हेत लाट सर्वांत लहान, तिसरीत सर्वांत मोठी, आणि खोकल्याचं औषध बरोबर मध्ये. लाटेची जात तीच, वेळ तीच, फरक फक्त उंचीचा. सरळ भाषा आणि लाक्षणिक भाषा यांच्यातली भिंत शोधायला गेलेल्यांना एक लांबलचक उतार सापडला.

आता मावशी.

मावशी सांगलीला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं चौथीला शिकवून ती निवृत्त झाली. "खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा" हा प्रश्न तिने किती पिढ्यांच्या पेपरांत तपासला असेल, देव जाणे. एका पावसाळ्यात तिला झटका आला. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटलेला दिसला. डावा हात आणि पाय गेला. बोलणं मात्र स्वच्छ. सगळ्यांना हायसं वाटलं. वाचा शाबूत आहे, बाकी हळूहळू येईल, असं डॉक्टरही म्हणाले.

घरी आणल्यावर ती जेवण अळणी लागतं म्हणून कुरकुरायला लागली. काकांनी नीट पाहिलं तर ताटाची उजवी बाजू, भाजी आणि आमटीची वाटी, चाटूनपुसून साफ, आणि डावीकडचं मीठ, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर वाढली तशीच्या तशी. भातसुद्धा निम्मा, मधोमध रेघ मारल्यासारखा. "चटणी का नाही वाढली?" ती विचारायची. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. उजव्या मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. त्या बाजूला काही असेल हेच मनात येत नाही. यावर घरगुती उपाय सोपा निघाला. जेवण निम्म्यावर आलं की काका मुकाट्याने ताट फिरवायचे, आणि चटणी प्रकट व्हायची.

भाषेतलं काही बिघडलंय हे कळायला जास्त वेळ लागला. व्यायाम म्हणून ती रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायची. मी गेलो होतो तेव्हा तिने मथळा वाचला, "कांद्याने पुन्हा रडवले," आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोणी चिरला?"

मी हसलो. ती हसली नाही. पुढची बातमी वाचली, विरोधकांनी सरकारला घेरल्याची, आणि म्हणाली, "पोलीस काय करत होते मग?"

आमच्या घरात टोमण्यावाचून पान हलत नाही, त्यामुळे तिथे तर रोजची पंचाईत. काका बाजारातून उशिरा आले की तिची जाऊ दारातूनच म्हणायची, "या, आलात? लवकर आलात!" आणि मावशी आतून शांतपणे दुरुस्ती करायची, "लवकर कुठं, साडेबारा वाजलेत." टोमणा मारणाऱ्याची अशी फजिती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

स्पीच थेरपीला एक तरुण मुलगी यायची. तिने एकदा विचारलं, "काकू, नाचता येईना अंगण वाकडं म्हणजे काय हो?" मावशीचा आवाज एकदम वर्गातला झाला. "स्वतःला एखादं काम जमत नसलं की माणूस साधनांना दोष देतो." पैकीच्या पैकी मार्क. मग त्या मुलीने दुसरा प्रश्न टाकला. "एक बाई म्हणतात, आमचा गॅस नीट पेटत नाही म्हणून माझ्या पोळ्या करपतात. त्यांना ही म्हण लागू पडेल?" मावशी थोडा वेळ विचार करून म्हणाली, "नाही. तिथं अंगणाचा काय संबंध? गॅसवाल्याला बोलवायला हवं." अर्थ सांगता येत होता, वाक्यात उपयोग करता येत नव्हता.

भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, असं वैद्यकशास्त्र दीडशे वर्षं सांगत आलं आहे. पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने 1861 मध्ये "टॅन" एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, डावीकडे पुढच्या बाजूला बिघाड सापडला. 1874 मध्ये कार्ल वेर्निकेने डावीकडचीच मागची जागा दाखवली. ते खरंच आहे. पण त्यामुळे झालं असं, की उजव्या बाजूला झटका आलेल्यांची भाषा कोणी फारशी तपासेचना. माणूस व्याकरणशुद्ध बोलतोय ना, मग झालं.

बॉस्टनमध्ये एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांनी ती तपासली. 1977 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचताना मला सारखी मावशी दिसत होती. रुग्णाला वाक्य ऐकवायचं, त्यात "जड अंतःकरण" अशा अर्थाचे शब्द. आमच्याकडे श्रद्धांजलीच्या बातमीत ते असतातच, त्यामुळे मला ओळखीचे. समोर चार चित्रं: एकात रडणारा माणूस, एकात भलंमोठं लाल हृदय उचलून वजनाखाली झोकांड्या खाणारा माणूस, एकात नुसतं वजन, एकात नुसतं हृदय. वाक्याला जुळणारं चित्र दाखवा. डाव्या मेंदूला इजा झालेले, ज्यांना धड बोलता येत नव्हतं, ते बहुधा रडणाऱ्या माणसावर बोट ठेवत आणि हृदय वाहणाऱ्याला पाहून हसत. उजव्या बाजूचे रुग्ण पुष्कळदा हृदय वाहणाऱ्याकडेच बोट दाखवत, आणि त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. पण तोंडी अर्थ विचारला तर तेच रुग्ण बरोबर सांगत. मावशीची पैकीच्या पैकी मार्कांची म्हण म्हणजे हेच.

इथे एक रूपक अगदी तयार होऊन ताटात येऊन पडतं. डावा मेंदू म्हणजे रुक्ष भाजीभाकरी, उजवा म्हणजे चटणी-कोशिंबीर, भाषेची चव. धंद्याने शिकवलेलं सगळं मला सांगत होतं की हा मथळा सोडू नकोस. पण तो खोटा आहे. डावा मेंदू हिशेबनीस आणि उजवा कवी, ही वाटणी मोटिव्हेशनवाल्यांनी आणि व्हॉट्सॲपने इतकी फिरवली आहे की तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याकडे लोक दयेने बघतात.

पुरावा असा आहे. 1994 मध्ये गॅब्रिएला बॉत्तिनी आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅन करून निरोगी लोकांत रूपकं समजताना उजव्या अर्ध्यातल्या अनेक जागा उजळतात असं दाखवलं, आणि उजव्या मेंदूचा बोलबाला झाला. दहा वर्षांनी जर्मनीत अलेक्झांडर राप आणि मंडळींनी एफएमआरआयमध्ये "प्रियकराचे शब्द म्हणजे हार्पचे सूर" अशा तऱ्हेची साधी वाक्यं दिली, तर डावीकडचा पुढचा भागच जास्त कामाला लागलेला दिसला. 2012 मध्ये रापनेच तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला: रूपकं, वाक्प्रचार, उपरोध सगळं धरून जाळं मुख्यतः डावीकडचं, उजव्याचा हातभार आहे पण तो सगळीकडे सारखा नाही. इस्रायलमध्ये निरा माशाल आणि मिरियम फाउस्ट यांच्या कामात उजवीकडचा एक मागचा भाग खास करून अगदी नव्या, पूर्वी न ऐकलेल्या रूपकांना जागा झालेला दिसतो; वापरून गुळगुळीत झालेल्यांना तितका नाही.

मार्क युंग-बीमनने याची उकल केली आहे, ती मला पटते. शब्द ऐकला की दोन्ही अर्ध्यांत अर्थ जागे होतात. डावीकडे थोडे, जवळचे, ठसठशीत. उजवीकडे पुष्कळ, लांबलांबचे आणि फिकट. "कांदा" म्हटल्यावर डावीकडे भाजी, बाजार, भाव. उजवीकडे त्याबरोबर डोळ्यांतलं पाणी, लासलगाव, गेल्या निवडणुकीतला पराभव, आजीच्या हाताची भजी असं काहीबाही अंधुकपणे. दोन लांबच्या गोष्टींची गाठ पडायची असेल तर हे अंधुक पसारे एकमेकांवर पडावे लागतात. नेहमीच्या जोडीला त्याची गरज नसते, ती आधीच बांधून ठेवलेली असते.

म्हणजे खरा प्रश्न वाक्य सरळ आहे की वाकडं हा राहत नाही. या माणसाने ते किती वेळा ऐकलंय, हा होतो. ब्रायन बाउडल आणि डेड्रे गेंटनर यांनी 2005 मध्ये याला रूपकाची कारकीर्द असं नाव दिलं. नवं रूपक आपण उपमेसारखं तोलतो, दोन गोष्टी शेजारी ठेवून. तेच वापरून वापरून रुळलं की तो शब्दाचा आणखी एक अर्थ होऊन बसतो आणि तोलायचं काम संपतं. पहिल्यांदा ज्याने बाजार "कोसळवला" त्याच्या वाचकाला विटा-माती दिसली असेल. आज कुणाच्या अंगावर धूळ उडत नाही.

आणि हे वाचताना मला परत मम्मट आठवला. रूढी किंवा प्रयोजन, असं तो म्हणाला होता! रूढीच्या लक्षणेचं त्याचं उदाहरण आहे "कर्मणि कुशलः". कुशल म्हणजे मुळात कुश नावाचं गवत आणणारा. त्याची पाती धारदार, हात न कापता आणायची तर निपुण असावं लागतं. म्हणून निपुण तो कुशल. चौदाव्या शतकात ओडिशातल्या विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त यावर असा फटका मारला आहे की वाचून खुर्चीत उडालो. त्याचं म्हणणं, शब्द कुठून आला हे वेगळं आणि तो आज कशासाठी चालतो हे वेगळं. कुशलचा सरळ अर्थच निपुण. इथे लक्षणा कसली? व्युत्पत्ती धरून बसायचं असेल तर "गौः शेते", गाय झोपली आहे, यातही लक्षणा मानावी लागेल, कारण गो शब्द "जाणे" या धातूवरून आलाय आणि झोपलेली गाय कुठेच जात नाही. मेलेलं रूपक हे रूपक मानायचं का, यावरचा वाद आणि त्यातला सर्वांत चांगला विनोद, दोन्ही एका गाईत. रूढीसाठी विश्वनाथाने स्वतःचं उदाहरण दिलं, "कलिंग साहसी आहे", म्हणजे देशाचं नाव घेऊन तिथली माणसं. स्वतः कलिंगाचा असल्यामुळे उदाहरण निवडताना त्याने फार संकोच केला नसावा. "दिल्ली नाराज" असा मथळा आम्ही देतो तो याच घराण्यातला.

विश्वनाथाच्या पुढे एकच पाऊल टाकायचं राहतं: हे जुनेपण शब्दाच्या अंगी नसून ऐकणाऱ्याच्या अंगी असतं. न्यू जर्सीत वाढलेली माझी पुतणी घरात मराठी बोलते, बाहेर इंग्रजी. "या पोराने नाकी नऊ आणले" हे तिने आजीच्या तोंडून ऐकलं तेव्हा आजीच्या नाकाकडे टक लावून पाहिलं होतं. ॲना चेश्लित्स्का यांनी 2006 मध्ये इंग्रजी शिकलेल्या पोलिश लोकांवर प्रयोग करून हेच दाखवलं: मागाहून शिकलेल्या भाषेतला वाक्प्रचार ऐकताना सुट्या शब्दांचे शब्दशः अर्थ जोराने पुढे येतात, वाक्प्रचार ओळखीचा असला तरीही. तेच वाक्य आजीच्या मेंदूत अख्खाच्या अख्खा एक शब्द आहे आणि पुतणीच्या मेंदूत एक नाक आणि नऊचा आकडा.

मग मावशीचं जुनं शाबूत आणि नवं गेलं, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण इथे मांडणी लंगडी पडते. डायना व्हॅन लँकर आणि डॅनियल केम्पलर यांनी 1987 मध्ये दाखवलं, की चित्रांतून तपासलं तर उजव्या बाजूचे रुग्ण अगदी सवयीच्या वाक्प्रचारांतही अडखळतात, आणि डावीकडचे रुग्ण, ज्यांना साधं नवं वाक्य कळत नाही, ते वाक्प्रचारांत बरे निघतात. त्याहून मजेची गोष्ट पुढच्या एका अभ्यासातली: उजव्या मेंदूला इजा झालेल्यांच्या रोजच्या बोलण्यात ठरीव शब्दप्रयोगच कमी होतात. हे वाचलं आणि मावशीच्या बोलण्यात काय खटकतंय ते माझ्या लक्षात आलं. ती पूर्वी "अगं बाई", "मेलं ते", "कशाचं काय नि कशाचं काय", "तुझं आपलं काहीतरीच" असं अखंड पेरत बोलायची. आता ती सरकारी पत्रासारखी बोलत होती. "मला पाणी हवे आहे. ते कोमट असावे."

त्वचेबद्दल सांगायचं राहिलं. 2012 मध्ये अटलांटात सायमन लेसी, रांडा स्टिला आणि के. सत्यन यांनी लोकांना स्कॅनरमध्ये स्पर्शाची रूपकं ऐकवली. "तिचा दिवस खडबडीत गेला", आणि तुलनेला "तिचा दिवस वाईट गेला". पहिल्या तऱ्हेच्या वाक्यांना मेंदूतला तो भाग जागा झाला, जो बोटांनी पोत चाचपताना कामाला लागतो. म्हणजे कुठेतरी खरखर होते. पण रुत्विक देसाई आणि सहकाऱ्यांनी आदल्या वर्षी हालचालीची रूपकं तपासली होती, कल्पना "पकडणे" वगैरे. त्यांत हालचालीच्या केंद्रांचा सहभाग रूपक जितकं परिचित तितका कमी होत गेलेला दिसला. आणि ही खरखर अर्थ लावायला मदत करते की अर्थ लागल्यावर मागून उमटते, यावर अजून हाणामारी चालू आहे. मी वर्षानुवर्षं "बोचरी टीका" लिहीत आलो. माझ्या बोटाला काही लागत असेल असं वाटत नाही. पण वाचकांत कुणी एखादा मराठी नव्याने शिकणारा असेल, तर त्याच्या मेंदूत कुठेतरी काटा सलत असेल, आणि मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

मावशी आता बरीच सावरली आहे. ताट फिरवावं लागत नाही. "अगं बाई" परत आलं. टोमणा कळू लागला. कळला की ती आधी बोलणाऱ्याचा चेहरा बघते, मग एक क्षण थांबते, मग उत्तर देते, आणि उत्तर झोंबेल असं असतं. जाऊबाईंची फजिती थांबली. मथळ्यांशी मात्र तिचं जमत नाही. "सत्तेच्या सारीपाटावर नवे प्यादे" असं काही दिसलं की ती चष्मा काढून ठेवते आणि मला फोनवर विचारते, "हे सरळ का लिहीत नाही रे तुम्ही?" मी सांगतो, मावशी, दोन कॉलमांत बसत नाही. तिला ते कारण पटत नाही, आणि खरं म्हणजे "सत्तेच्या सारीपाटावर"ला "नवा उमेदवार"पेक्षा जास्त जागा लागते, हे ती मोजून दाखवू शकते. शिक्षिका आहे.

परवा भाव पडल्यामुळे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. मथळा दिला, "टोमॅटोचा लाल चिखल". हा मथळा मराठी पत्रकारितेत इतका जुना आहे की त्यात कोणाला चिखल दिसत नाही, आणि लाल रंगही दिसत नाही. दिसतात फक्त पडलेले भाव. खाली तीन कॉलमी फोटो होता: ट्रॅक्टरची चाकं, त्यांखाली भरडलेला रस्ताभर टोमॅटो, बाजूला एक म्हैस उभी. सकाळी मावशीचा फोन आला.

"आज बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "चिखलच झालाय तो."